धाकल्या खोक्याची लाल वायर

प्रिय रतन,

जयभीम.

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तू व्हतास तवा लिहायचं काम काहून पडंल? हाक मारली की चुलीपाशी येऊन बसायचास. आता तुला जाऊन आठ वर्षं झाली आन् मी वही घेऊन बसले. वही प्राचीची हाये. मधली पानं तिनं काढून दिली आन् म्हणाली, "लिही आजी, मी वाचणार न्हाई." वाचंल ती. वाचू दे. तिच्यामुळंच तर लिहायला बसले.

अक्षर वाकडं आलं तर हसू नको. शिकवणारा तूच. माझी शाळा दुसरीतच सुटलेली. लगीन होऊन तुमच्या घरी आले तवा सही बी येत नव्हती. तू सहा वर्षांचा दीर, पाटी घेऊन माझ्याम्होरं बसायचास आन् चुकलं की गुरुजीसारखा कान धरायचास. पहिला शब्द तू तुझंच नाव शिकवलंस. म्हणलास, "वैनी, हे सगळ्यात सोपं. काना न्हाई, मात्रा न्हाई, येलांटी न्हाई. र, त, न." लबाड कुठला. माझं नाव शिकवायला महिना लावलास. म्हणं गयाबाईत लई काने हायेत.

आता आजच काहून लिहून राहिले, ते सांगते.

जयंती पंधरा दिसांवर आली, म्हणून घर पांढरं करायला काढलं. चुना भिजवला, त्यात निळीची पुडी टाकली. मला नीळ जास्तीच लागते, तुला ठावं हाये. तुझे दादा म्हणतेत, "ही भिंत रंगवून राहिली का आभाळ?" म्हणू दे. दिवाळीला घर तसंच राहिलं तरी चालंल, जयंतीला भिंत निळसर दिसलीच पाह्यजे. तर माळ्यावरचं सामान खाली काढलं. त्यात तुझी गिटार निघाली, दोन्ही मशीनी निघाल्या, आन् दोन्ही स्पीकरचे खोके. थोरला खोका आन् धाकला खोका. नावं तूच ठेवलेली.

आन् नेमकी प्राची आलेली. आपल्या सुनंदाची लेक. तू तिला सहा वर्षांची पाह्यली, पुढचे दोन दात पडलेली. आता चौदाची झाली, माझ्याहून वीतभर उंच हाये. हिंगोलीत एका सरांकडं गिटार शिकून राहिली, ऐकतोस का? तिच्या दुसऱ्या आजीनं नाक मुरडलं, पोरीच्या जातीला काय करायची म्हणं ती. मी जावयाच्या घरी जाऊन, त्यांच्याच चहाचा कप हातात धरून सांगून आले, "आमच्या घरात हाये ते, तुमच्याकडून न्हाई आलं." चहा मातर समदा पिऊन आले.

तर त्या पोरीनं काल तुझ्या दोन्ही मशीनी चालू केल्या. आन् मला एक गोष्ट कळली. तुला सांगितल्याबिगर ह्या जयंतीला निळं लुगडं नेसायचं तोंड न्हाई मला.

पण पहिल्यापासून सांगते. मधनंच सांगितलं तर माझी मीच सोय केल्यासारखी व्हईल.

तू गिटार आणली तो दिस आठवतो का? नांदेडकडच्या एका मोडलेल्या आर्केस्ट्राची, गोणपाटात गुंडाळून यष्टीच्या टपावरून आणलीस. तुझी माय, म्हंजे आमच्या आत्याबाई, म्हणल्या, "हे काय रं, बॅट?" मी वाकून पाह्यलं तर तिला पोटच न्हाई. पेटीला पोट असतंय, ढोलकीला असतंय. हिला भोक बी न्हाई. मी म्हणलं, "रतन, फसवलं तुला. आवाज कुठून निघंल?" तू तार छेडलीस तर डास कानापाशी आल्यावानी कुणकुण. आत्याबाई म्हणल्या, "इतक्यासाठी बोकड इकलं?" तू हसला व्हतास. म्हणलास, "माय, हिचं पोट बाहेर असतंय. ते अजून यायचंय."

मंग पोट आलं. एक न्हाई, दोन. मशीन म्हंजे ते ॲम्प्लिफायर. हा शब्द प्राचीनं लिहून दिला, मी नुसता उतरवला. एक मशीन तू बाळापूरच्या बाजारातल्या रेडिओवाल्या चाचाकडनं जोडून घेतलंस, ते थोरलं. दुसरं त्यांच्याच दुकानात पडलेलं, ज्यातनं आवाज घुमून थरथरत यायचा, ते धाकलं. चाचा म्हणले व्हते, "एक संभलती नै, दो-दो काय को?" घरी येऊन तू त्यांची नक्कल केलीस आन् तुझ्या दादांना ठसका लागला.

एका गिटारीचा आवाज दोन्ही मशीनींत न्यायला तू स्वतः ती वायर बनवलीस. गिटारीकडं एक तोंड, मशीनींकडं दोन. आळीतली पोरं तिला मांडूळ म्हणायची. आत्याबाई त्या कोपऱ्यात झाडू मारायला जायच्या न्हाईत. म्हणायच्या, "दोन तोंडाचं जनावर हाये, कोण्या तोंडानं डसंल काय सांगावं?"

मी तुला इचारलं व्हतं, एका मशीनीत आवाज येतो ना, मंग दुसरं काहून? करंट काय फुकट येतो? तवा मी आन् आत्याबाई भाकरी थापून राहिलो व्हतो, दोन काटवटी, समोरासमोर. तू म्हणलास, "वैनी, डोळे मिटून ऐक. माय थापते तो आवाज जड हाये, तुझा हलका. एकटी थापली तर नुसती भाकरी. दोघी बराबर थापायला बसल्या की बाहेर ओट्यावरून बी कळतं, घर भरलेलं हाये. मला तसा आवाज पाह्यजे. थोरला सरळ बोलंल, धाकला घुमंल, आन् गाणं दोघांच्या मधी उभं राहील."

आत्याबाई म्हणल्या, "भाकरी खा आन् उठ." पण मला कळलं व्हतं. खरंच कळलं व्हतं. म्हणून तर लाज जास्ती वाटते. अडाणी व्हते म्हणून सुटायची सोय तू ठेवली न्हाईस.

आता त्या जयंतीचं. चौदा वर्षं झाली. प्राची तवा चार महिन्यांची, सुनंदा बाळंतपणाला आलेली ती अजून आपल्याकडंच व्हती. बाळापूरला मंडपात गायनाचा कार्यक्रम ठरलेला, आन् नांदेडच्या मोठ्या पार्टीचे मास्तर येणार व्हते. ते तुला म्हणले व्हते, "हात तुझा चांगला हाये, पोरा. पण हे दोन मशीनीचं काय सांगतोस, ते मंडपात ऐकीन. पटलं तर आमच्या टेम्पोत तुझी जागा." तू ते आठवडाभर सांगत फिरलास. टेम्पोत जागा, टेम्पोत जागा. दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढणारा माणूस पार्टीच्या टेम्पोत बसून गावोगाव गिटार वाजवायला जाणार. आत्याबाईंनी तर तुझ्या कपड्याची पिशवी बी धुऊन ठेवली.

त्या सकाळी तू हलगीवाल्यांना बोलवायला शिरड शहापूरला गेलास. पांढरा करायचा एकच कोपरा राह्यलेला, तुझ्या खोक्यांचा. जयंतीच्या दिवशी कोपरा काळा ठेवायचा? मी थोरला खोका सरकवला. धाकल्याची वायर आखूड, तो सरकंना. वायरीवर चुना उडाला तर खराब व्हईल, म्हणून मी ती सोडली. मशीनीकडं पिन व्हती, तिला हात लावला न्हाई. खोक्याच्या मागं दोन स्क्रू, त्यांना लाल आन् काळी तार गुंडाळलेली. मी मागं बसून नीट ध्यानात ठेवलं. लाल माझ्या उजव्या हाताला, घास खायच्या हाताला. काळी डाव्या हाताला. दोनदा म्हणून पाठ केलं.

चुना मारला, वाळला, खोका भिंतीला परत लावला. तवा मागं जायला जागाच न्हाई. मी पुढनंच, खोक्याच्या माथ्यावरून वाकून, हात मागं घालून तारा लावल्या. लाल उजव्या हाताला, काळी डाव्या. पाठ केलेलं बराबर व्हतं. पण मी उभी दुसऱ्या बाजूला व्हते. उजवा हात तोच, बाजू बदललेली. कळलं का तुला? मला कळायला चौदा वर्षं लागली.

खरं सांगते, तवा मला भारी वाटलं. घरातल्या बाईनं मशीनीची वायर सोडली आन् परत बांधली, कुणाला सांगावं न्हाई लागलं. चिमणीची वात वळते तशी तार दोन पीळ देऊन वळली, शेपूट आत खुपसलं. तू आलास, मागोमाग सामान न्यायला भाड्याचा टेम्पो आला. वाजवून बघायला बी टाइम नव्हता. पिनी काढून तुमी खोके उचलले, बसले आन् गेले. आमी बायका मागून जीपनं आलो.

दुपार कलत व्हती. मंडपात मी पुढंच बसले, प्राची सुनंदाच्या मांडीवर. तू निळा शर्ट घातलेला. मास्तर खुर्चीवर, मांडीवर मांडी टाकून. तू मांडूळ लावलंस, दोन्ही मशीनींचे लाल दिवे लागले, आन् तू तारेवर हात मारलास.

काय आवाज आला तो! जसं कुणी तोंडावर हात ठेवून बोलून राहिलं. पोकळ, पातळ, कुठून येतो कळंना. घरी एका मशीनीत भांडी वाजायची, आन् हितं दोन मशीनी लावून पुढच्या बायकांना कान टवकारावे लागले. तू बटणं पिळली. जितकं वाढवलं तितका आवाज अजूनच खोल गेला. मागून एक पोरगं वरडलं, "काका, सेल उतरले का?"

मंडप हसला. मास्तर म्हणले, "अरे, एक बंद कर आधी."

तू धाकलं मशीन बंद केलंस. आन् लगेच थोरल्यातनं आवाज भरभक्कम आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, रतन. तुझ्या वाजवण्याला न्हाई. बंद केल्याला. मास्तर माइकवर म्हणले, "धाकला खोका बी कामाचा हाये बरं का, बसायला." आन् तू खरंच त्याच्यावर बसलास. बसून समदी गाणी वाजवलीस, खाली मान घालून.

मी बी हसले व्हते. तू वर पाह्यलंस तवा माझ्या तोंडावर पदर व्हता. तुला वाटलं असंल मी रडून राहिले. मी हसत व्हते. समदे हसून राहिले म्हणून. हे मी आजवर कुणालाच बोलले न्हाई, सुनंदाला बी न्हाई.

मास्तर जाताना म्हणले, "आधी एकातनं वाजवायला शिक." टेम्पो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण समदे चहा पिऊन राहिलो व्हतो. तू, तुझे दादा, आत्याबाई. तू कप खाली ठेवलास आन् म्हणलास, "वैनी, खोक्याच्या तारा कुणी सोडल्या व्हत्या का?"

मला बोलता आलं असतं. "व्हय, मी सोडल्या व्हत्या." इतकंच. चार शब्द. पण तुझे दादा आधीच चिडलेले, आत्याबाईंचे डोळे रडून लाल. आन् मी मनात म्हणलं, तार तर बराबर लागलेली हाये, आवाज तर येत व्हता. घरातल्या बल्बाची पिन उलटी घाला का सुलटी, बल्ब लागतोच ना? करंटला कुठं डावं-उजवं कळतंय? मंग उगंच आपल्या अंगावर काहून घ्यावं?

मी म्हणलं, "मी काहून हात लावू त्या मांडुळाला?"

तू माझ्या हाताकडं पाह्यलंस. नखात चुना व्हता, निळा. तू "बरं" म्हणलास आन् उठलास.

त्यावर तू एकदाच बोललास, बैलांना पाणी दाखवताना. "वैनी, माझा कानच खोटा हाये. घरी भरून ऐकू यायचं ते मला एकट्यालाच ऐकू यायचं बहुतेक." मी काय म्हणलं असंल? मी म्हणलं, "जाऊ दे, पोटाचं बघ आता." तुझा कान खोटा न्हाई हे सांगू शकणारी अख्ख्या दुनियेत मी एकटी, आन् मी तुला पोटाचं बघायला सांगितलं.

तू पोटाचं बघितलंस. वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानात लागलास. खोके तूच माळ्यावर टाकले. गिटार मातर घरीच ठेवलीस, शनिवारी आलास की ओट्यावर बसून मशीनीबिगर वाजवायचास, ती डासाची कुणकुण. जवळ बसलं तरच ऐकू यायची. लग्नाचं काढलं की म्हणायचास, "पार्टी जमली की करू." पार्टी कंची आता, हे कुणी इचारलं न्हाई. मी बी न्हाई. सहा वर्षं अशी गेली. मंग कावीळ झाली, आन् तू आमाला उशिरा सांगितलंस. ह्याबद्दल मी तुझ्यावर अजून रागावलेली हाये. स्वतःची तकलीफ लपवून ठेवायची, ही तुझी सवय काही चांगली नव्हती.

आता कालचं.

प्राचीला मी पायात चप्पल घालायला लावली, पाटावर उभं केलं आन् मंगच बटण दाबू दिलं. थोरल्या मशीनीतनं धूळ जळल्याचा वास आला. धाकल्याचा दिवा मिचमिच करून लागला. मला इतका आनंद झाला की मी तुझ्या दादांना हाका मारल्या, त्यांना आजकाल ऐकू कमी येतंय, तीन हाका माराव्या लागल्या. पोरीनं तारेवर हात मारला.

तोच आवाज आला. तोंडावर हात ठेवलेला. मंडपातला.

मी म्हणलं, "बंद कर बाई, ते असंच हाये, त्याच्यात काही राम न्हाई." प्राची म्हणाली, "थांब गं आजी. हे आमच्या सरांच्या क्लासमध्ये झालं होतं. एका खोक्याची वायर उलटी आहे."

मी म्हणलं, "वायर काय परकर हाये का उलटा व्हायला? आवाज येतो ना?"

"येतो, पण एकमेकांना खातो. दाखवते." तिनं कंदिलावानी लटकवलेली तुझ्या दादांची बॅटरी काढली, त्यातला एक सेल घेतला. दोन्ही खोक्यांपुढचं कापड वर केलं. आत कागदाचं काळं ताट असतंय, ठावं हाये तुला. तिनं थोरल्याच्या पिनीला सेल टेकवला. ताट टुपकन बाहेर आलं, पोट फुगवल्यावानी. मंग धाकल्याच्या पिनीला तसाच टेकवला. त्याचं ताट आत गेलं.

"पाहिलंस? हा बाहेर ढकलतो तेव्हा हा आत ओढतो. दोघं मिळून शून्य. एक बंद केला की दुसरा मोकळा होतो."

मी खालीच बसले, रतन. चुन्याच्या बादलीपाशी. एक बंद केला की दुसरा मोकळा.

प्राची खोक्याच्या मागं गेली, मोबाइलचा उजेड पाडला आन् हसायला लागली. "आजी, हे कुणी बांधलंय? थोरल्याला साधी आकडी केलीय. ह्याला वातीसारखा पीळ आहे, शेपूट आत खुपसलंय." मी बादलीतला चुना ढवळू लागले. तिनं पीळ सोडला, लाल तिकडं, काळी हिकडं केली.

आन् वाजवलं.

मला सांगता येत न्हाई. भांडी वाजली. तुझ्या दादांनी मान वर केली, त्यांना ऐकू आलं. आवाज थोरल्यातनं येईना, धाकल्यातनं येईना. दोघांच्या मधी, जिथं काहीच ठेवलेलं न्हाई, तिथं उभा राह्यला. मला वाटलं आत्याबाई समोर बसल्या हायेत, त्यांची थाप जड, माझी हलकी. घर भरलं. अगदी तू म्हणला व्हतास तसं. तुझा कान खरा व्हता. पहिल्यापासून खरा व्हता.

मी रडले, हसले, प्राचीच्या गालाला चुन्याचा हात लावला. पोरगी म्हणाली, "म्हणजे रतनआजोबा बरोबर होते?" मी म्हणलं, "व्हय. आन् खोटी मी व्हते." मंग तिला समदं सांगितलं. तुझ्या दादांना बी, मोठ्यानं, दोनदा. त्यांनी धाकल्या खोक्यावर हात फिरवला. मंग म्हणले, "मी त्याला म्हणलं व्हतं, नाद सोड." आन् रडू आलं तवा उठून गोठ्यात गेले.

पण रतन, एक गोष्ट मी त्या दोघांना सांगितली न्हाई. ती तुलाच इचारायची हाये.

तू शेवटच्या दुखण्यात घरी व्हतास. लाइट गेलेली असायची तासन् तास, म्हणून मी दिवसाच चिमणीच्या वाती वळून ठेवायचे, जुन्या धोतराच्या. तू बाजेवर पडून बघायचास. एक दिस म्हणलास, "तुझी वात कुठंबी ओळखू येते, वैनी. दोन पीळ, आन् शेपूट आत." मी म्हणलं, "बाईच्या हाताला वळण असतंय." तू हसलास आन् भिंतीकडं तोंड करून झोपलास.

तू तवा कशाबद्दल बोलून राहिला व्हतास? नुसत्या वातीबद्दल?

का खोके माळ्यावर टाकताना मागं पाह्यलं व्हतंस तू? पाह्यलं असंल तर तार सुलटी काहून न्हाई केली? मास्तरांकडं जाऊन काहून न्हाई सांगितलं? सांगितलं असतं तर कुणी उलटी लावली हे बी सांगावं लागलं असतं, म्हणून? ठावं असून मला "कान खोटा" म्हणलास का ते नंतर कळलं तुला? सहा वर्षं त्या ओट्यावर डासाची कुणकुण वाजवत बसलास, ते माझ्यासाठी?

कालपासून मी ह्याच्यावरच इचार करून राहिले. तुला ठावं नसंल, तर तू स्वतःला खोटं समजून गेलास. ठावं असंल, तर मला झाकून गेलास. ह्यातलं कंचं खरं निघावं, हे बी मला मागता येईना. एक मन हिकडं ढकलतं, एक तिकडं ओढतं.

लाज ह्याची न्हाई वाटत की तार उलटी लागली. तार कुणाचीबी उलटी लागंल. लाज त्या चहाच्या कपाची वाटते. "मी काहून हात लावू." तुझ्या पाटीवर लिहायला शिकले आन् तुलाच खोटं बोलले.

आता ऐक. जयंतीला प्राची परत येणार हाये. सुनंदाला फोन करून मी परवानगी घेतली, म्हंजे सांगितलं. विहाराम्होरं मंडप पडला की दोन्ही मशीनी, दोन्ही खोके बाहेर नेणार, आन् पोरगी तुझी गिटार वाजवणार. बाळापूरचे लोक येतील, त्या दिवशी हसलेले बरेचजण अजून हायेत. पोरीनं पहिल्या तारेला हात लावायच्या आधी मी माइक घेणार. आधी, नंतर न्हाई. नंतर टाळ्या पडल्यावर कुणीबी बोलतंय. मी म्हणणार, मी गयाबाई, रतनची भावजय. चौदा वर्षांखाली त्याच्या खोक्याची तार मी उलटी लावली आन् इचारल्यावर न्हाई म्हणले. त्याचा कान खरा व्हता. आता ऐका.

इतकंच बोलणार. लोक हसले तर हसू दे, ह्या बारीनं मी पदर तोंडाला लावणार न्हाई.

अजून एक. वायर पुन्हा कुणाच्या हातनं उलटी व्हायला नको, म्हणून आज सकाळी मी खोक्याच्या मागं बसले. मागं, पुढनं न्हाई. प्राचीची नखं रंगवायची लाल बाटली घेतली, आन् लाल तार जिथं लागते त्या स्क्रूपाशी एक अक्षर काढलं. बराबर आलं. सगळ्यात सोपं अक्षर. काना न्हाई, मात्रा न्हाई.

र.

तुझी वैनी,
गयाबाई